व्हाइटरनमधील उमेदवारी

२०११ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या 'स्कायरिम' या खेळात बहुतेक जण ड्रॅगनांचा संहार करावयास जातात. त्या हिमाच्छादित प्रांतातील माझा पुष्कळसा काळ मात्र व्हाइटरन शहरी, आर्केडियाच्या दुकानातील किमयेच्या मेजापाशी गेला, आणि तो सत्कारणी लागला असेच मी मानतो.

तेथील प्रत्येक वनस्पतीच्या, कीटकाच्या, किंबहुना महाकाय राक्षसाच्या पायाच्या बोटाच्याही ठायी चार गुण वसत असतात. जिन्नस चाखला की त्यांतला पहिला तेवढा उमगतो. उरलेल्यांसाठी दोन किंवा तीन जिन्नस एकत्र करून पाहावे लागतात, आणि त्यांच्यात एखादा गुण समान निघाला तरच रसायन सिद्ध होते, एरवी सारा माल वाया जातो. डोंगरावरचे निळे फूल आणि शेतातला गहू यांचा योग मी प्रथम जमवला, तेव्हा जखम भरून काढण्याचा जो गुण चाखण्याने आधीच ठाऊक झाला होता तो तर साधलाच, पण प्राणशक्तीची मर्यादा वाढवणारा दुसराही गुण त्याच कुपीत उतरलेला दिसला, आणि या विद्येचे मर्म मला तेथे कळले.

शस्त्रांवर मंत्रसंस्कार करण्याच्या विद्येचा दस्तूर याहून कठोर आहे. तलवारीतील अग्नीचा मंत्र शिकायचा तर ती तलवारच मंत्रपीठावर नष्ट करावी लागते. शिवाय दरेक संस्कारापायी आत्मा कोंडलेला एक मणी खर्ची पडतो, आणि थोर मण्यात क्षुद्र जीवाचा आत्मा भरला असेल तर फळही क्षुद्रच पदरात येते.

या दोन्ही विद्या परस्परांना पोसतात. निळ्या फुलपाखराचे पंख आणि हिमप्रदेशातली तांबडी बोरे यांचा अर्क प्राशन करून मंत्र घातला तर तो अधिक प्रबळ होतो. आणि किमया वाढवणारा मंत्र हातमोज्यांवर घातला की पुढचा अर्क त्याहून तेजस्वी निघतो. हेच चक्र पुनःपुन्हा फिरवून अधिकाधिक सामर्थ्य कमावणारे खेळाडू आहेत. मला ती तजवीज रुचत नाही, कारण तिच्यात जिन्नसांचा शोध लोपून नुसता हिशेब उरतो. जिन्नस चाखताच एकाहून अधिक गुण प्रकट करणारी सिद्धीही खेळात उपलब्ध आहे. ती मी घेतली नाही, आणि ते गुण मिश्रणातूनच कळून घेतले.