मांडवी खाडीतील एक सकाळ

वेंगुर्ले बंदराच्या अगदी जवळ, समुद्राला मिळण्यापूर्वी मांडवीची खाडी आत वळते. मुखाशी मासेमारीच्या होड्यांची गर्दी, आत मात्र दोन्ही तीरांवर कांदळवन. खाडी लांबीने मोठी नाही, रुंदीनेही नाही. मालवणकडे धावणारा प्रवासी ती न पाहताच निघून जातो. गेली काही वर्षे येथे स्थानिक महिलांचा ‘स्वामिनी’ बचत गट वल्ह्याच्या होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो सागरी जैवविविधता प्रकल्प झाला, त्यातून हा उपक्रम उभा राहिला. होडीला इंजिन नाही, हेच त्याचे खरे भांडवल म्हणावे लागेल.

हिवाळ्यातील एका द्वादशीला कोल्हापूरचे एक व्यापारी कुटुंब या धक्क्यावर आले होते. घरातील थोरले, ज्यांना सारे अण्णा म्हणत, त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. जुन्या पेठेतील त्यांची पेढी तीन पिढ्यांची. पण घाऊक माल उतरण्याची जागा शहराबाहेर गेल्यापासून पेठेत गिऱ्हाईक कमी झाले होते. पेढी विकावी, असे मुलाचे मत होते. प्रवासात तो विषय काढायचा नाही असे ठरले होते आणि आंबोलीचा घाट उतरेपर्यंत तो दोनदा निघाला होता.

हा घाटरस्ता आणि हे बंदर यांचा संबंध जुना आहे. १७व्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष गावात आजही उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. पुढे बेळगाव भागातील कापूस घाट उतरून येथे येई आणि गलबतांत चढे. परतीच्या बैलगाड्यांतून बंदरावरचा माल देशावर जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे घाट उतरून मुरगावला पोहोचली आणि देशावरच्या मालाने तो मार्ग धरला. वेंगुर्ल्याने काही चूक केली नव्हती. धक्का होता, रस्ता होता, माणसेही होती. माल तेवढा दुसरीकडून जाऊ लागला.

अण्णांना यातले पुष्कळसे ठाऊक होते. धक्क्यावर उभे राहून त्यांनी नातवाला विचारले, “भरती किती वाजता?” नातू मोबाइल काढू लागला, तोवर अण्णांनीच उत्तर दिले, “बारस आहे. बाराचे पाऊणपट नऊ. नवाच्या सुमारास पाणी भरेल.” तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. घड्याळाशी थोडा फरक पडतो. पण रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हे तत्त्व त्यात नेमके बसले आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वांत कमी. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी आठवणीने पाळली जाते, त्यांना हे गणित अवघड वाटू नये.

आठ वाजता होडी सुटली. वल्हे मारणाऱ्या ताईंनी ती चढत्या पाण्याबरोबर सोडली, त्यामुळे आत जाताना श्रम थोडेच पडले. शंभर-दीडशे हातांवर बंदराचा गलबला मावळला. मग केवळ वल्ह्याचा चुबूक-चुबूक आवाज, आणि मधूनच खंड्याची तीक्ष्ण हाक.

कांदळाची झाडे खोडापासून कमानीसारखी मुळे फेकून चिखलात पाय रोवून उभी असतात. तिवराचे उलटे आहे: त्याची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिलींसारखी वर येतात, कारण त्या काळ्या चिखलात हवा नाही. खारे पाणी पिऊन तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. ताईंनी एक पान चाटून पाहण्यास सांगितले. नातवाने चाटले आणि तोंड वेंगाडले. पांढरी चिप्पीही दाखवली गेली. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. बहुतेक नागरिकांना आपल्या राज्याचा असा एखादा वृक्ष आहे हेच माहीत नसते.

अण्णा सर्वांत जास्त वेळ थांबले ते कांदळाच्या शेंगेसारख्या लोंबत्या रोपापाशी. या झाडाचे बी फळातून गळून पडत नाही. ते आईच्या फांदीवरच रुजते, हातभर वाढते आणि मग खाली सुटते. ओहोटी असेल तर चिखलात उभे रुतते, भरती असेल तर तरंगत दुसरा तीर गाठते. “म्हणजे हातात काही दिल्याशिवाय घराबाहेर काढत नाही,” अण्णा म्हणाले. मुलगा पाण्याकडे पाहत राहिला.

या झाडांना पूर्वी फार मान नव्हता. सरपणासाठी तोड, भराव, कचरा हे सारे चाले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास मनाई केली. मात्र मासळीची पिले याच मुळांच्या आडोशाला वाढतात आणि लाटांचा मार हेच बन झेलते, हे कोळी समाजाला न्यायालयाने सांगण्याची गरज नव्हती.

अण्णांनी मग व्यापाऱ्याला साजेसे प्रश्न विचारले. पावसाळ्यात काय करता? बंद. होडी कोणाची? गटाची. पाळ्या कशा? आळीपाळीने. हिशेब कोण लिहिते? ताई हसल्या. “आम्हीच. वही असा.” ही उत्तरे मुलगाही लक्ष देऊन ऐकत होता, हे अण्णांच्या नजरेतून सुटले नाही.

सव्वानऊच्या सुमारास मुळांवर ओल्या रेषेची एक बोटभर पट्टी उघडी पडली. एका निवटीने चिखलावर उडी मारली. ताईंनी वल्हे फिरवले. “पाणी सुटला. आता परताक व्हया.” उशीर झाला तर आतल्या अरुंद फाट्यात होडी बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच राहावे लागते.

परतताना पाणी त्यांच्याच बाजूने वाहत होते. मुलगा बराच वेळाने बोलला. पेढीच्या मागचे गोदाम रिकामेच आहे, पुढचा भाग ठेवून तेवढे कोणाला भाड्याने देता येईल का, असे त्याने विचारले. अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. धक्क्यावर उतरून त्यांनी पैसे मोजून दिले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि ताईंना विचारले, “उद्या तेरस. पावणेदहाला भरती. नऊला आलो तर होडी मिळेल?”