फितीवाचून

खारघरला आम्ही घर घेतले ते मेट्रोच्या भरवशावर. बेलापूर ते पेंधर, अवघे ११ किलोमीटर. काम सुरू झाले २०११ साली. ‘दोन-चार वर्षांचा प्रश्न,’ असे मी मोठ्या रुबाबात सौ.ला सांगितले. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला किंमत म्हणून राहिली नाही!

खांब उभे राहिले, डबे आले. जून २०२३ मध्ये सुरक्षेचा दाखलाही मिळाला. तरी प्रवाशांना दारे बंदच. म्हणे, उद्‌घाटनासाठी बड्या पाहुण्यांची तारीख जुळत नव्हती. पैसा तुमचा-आमचा, त्यावरचे व्याजही तुम्हीआम्हीच भरायचे.

खाली नाक्यावर मात्र शेअर रिक्षा केव्हाच धावू लागल्या होत्या. ना फीत, ना नारळ. रिकामी सीट म्हणजे रिक्षावाल्याच्या रात्रीच्या भाकरीत तूट. तो तारखेची वाट कशाला पाहील? रिकाम्या डब्याची तूट कुणाच्या खिशाला बोचणार, तुम्हीच सांगा.

अखेर भाऊबीज उलटल्यावर, १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, गाडी समारंभावाचूनच सुरू झाली. मी उत्साहाने म्हणालो, “चल, बेलापूरला जाऊन येऊ.”

“जिना आहे का हो?” सौ.ने गुडघा चोळीत विचारले. “गुडघे धड होते तेव्हा आली असती तर!”

सरकता जिना असल्याचे मी सांगितले. पण जरा हळू आवाजातच.