मृत्यूची बातमी वेळेवर पोचावी म्हणून

वाइल्डफ्लायचे सर्व्हर टीसीपी स्टॅकने क्लस्टरमध्ये जोडताना ७६०० हा पोर्ट कुणी विसरत नाही, कारण तो बंद असेल तर क्लस्टर जमतच नाही. बऱ्याच आवृत्त्यांत त्याच्या जोडीला असलेला ५७६०० मात्र फायरवॉलच्या यादीतून सहज सुटतो. तो बंद असला तरी क्लस्टर जमतो, कामही चालतं. म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

वाइल्डफ्लायचं क्लस्टरिंग सांभाळणारी लायब्ररी म्हणजे जेग्रुप्स. त्या पोर्टवर तिचा एफडी_सॉक हा बंद पडलेला सर्व्हर ओळखणारा प्रोटोकॉल काम करतो. प्रत्येक सर्व्हर पुढच्या सर्व्हरशी एक जोडणी धरून ठेवतो, शेवटचा पहिल्याशी. जोडणी तुटली की शेजाऱ्याविषयी शंका घ्यायची. प्रोसेस मेली तर तिची सॉकेट्स कर्नलच बंद करतं, त्यामुळे बातमी क्षणात पोचते. पण वीज गेली किंवा प्रोसेस गोठली, तर जोडणी उघडीच दिसत राहते. त्यासाठी जेग्रुप्सच्याच एफडी_ऑल या दुसऱ्या प्रोटोकॉलचे नियमित हार्टबीट लागतात. दोघांची कामं वेगळी आहेत, दोघेही हवेत.

५७६०० बंद राहिला, तर पहिला पहारेकरी कामावर नसतो आणि तसं कुणाला जाणवतही नाही. एखादा सर्व्हर खरोखर मरतो तेव्हा हार्टबीटची मुदत संपेपर्यंत बाकीचे त्याच्या उत्तराची वाट पाहतात, आणि त्यांच्यामागे ग्राहक ताटकळतात.

म्हणून हा पोर्ट मी नक्की करून लिहून ठेवतो. एकाच मशीनवर दुसरा सर्व्हर शंभरच्या पोर्ट-ऑफसेटने, म्हणजे सगळे पोर्ट शंभरने पुढे सरकवून, चालणार असेल, तर ७७०० बरोबर ५७७०० सुद्धा फायरवॉलमध्ये उघडतो. शिवाय लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधले पोर्ट वाटतं. ५७६०० त्यातच येतो, तेव्हा तो कर्नलच्या राखीव यादीत टाकावा. निवांत जोडणी जिवंत आहे का ते तपासणारं टीसीपी कीपअलाइव्हही पाहावं: लिनक्समध्ये ते मुळात ७२०० सेकंदांनी जागं होतं, आणि मधली फायरवॉल अशी जोडणी त्याआधीच विसरून गेलेली असू शकते.

एवढं करूनही क्लस्टर जमला म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. एक प्रोसेस ठार करावी, एक गोठवावी, एका मशीनचं नेटवर्क तोडावं, आणि दर वेळी उरलेल्यांच्या लॉगमध्ये सदस्यांची नवी यादी किती वेळात येते ते मोजावं. तो वेळ ग्राहकाला सोसवणारा असेल, तरच क्लस्टर तयार झाला म्हणावं.