नाक पुण्याचें कीं परदेशचें?

मराठी भाषेंत नाकाला जेवढा मान आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याहि अवयवास नसेल. कुळाची अब्रू नाकांत, शरण जावयाचें तें नाक मुठींत धरून, आणि नकटीच्या लग्नाला तर सत्राशें विघ्नें! असें असतां गेल्या वर्षीं आमच्या घरीं खुद्द नाकाचाच प्रश्न उभा राहिला, तेव्हां सर्वांचीं डोकीं तापलीं यांत नवल तें काय?

आमच्या थोरल्या बंधूंची कन्या नऊ वर्षांची असतां झोपाळ्यावरून पडली. नाकाचें हाड मोडलें, तें मध्यें उंचवटा राहून वांकडें जुळलें, आणि एक नाकपुडी कायमची चोंदल्यासारखी झाली. आतां ती चोवीस वर्षांची, मिळवती. एके सायंकाळीं तिनें आजीसमोर इस्तंबूल येथील एका शस्त्रक्रियागृहाचें पत्रक ठेवलें. शस्त्रक्रिया, हॉटेल, विमानतळावरून ने-आण, सर्व मिळून एकच रक्कम.

वहिनींस ही कल्पना पसंत पडली. "तिकडून परस्पर करून येईल, कोणास कांहीं सांगावयास नको." बंधूंचें म्हणणें, इतकीं वर्षें चाललें तें नाक पुढेंहि चालेल. निवाडा आम्हांवर आला.

आम्ही अर्थातच इतिहासाकडे धांवलों. इंग्रज फौजेंतील कावसजी नांवाचा गाडीवान १७९२ सालीं टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापलें गेलें. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातींतील एका कसबी माणसानें मेणाचें नाक करून मापें घेतलीं, कपाळावरची तेवढी त्वचा भुवयांमध्यें जोडलेली राखून खालीं वळविली, आणि त्यास नवें नाक दिलें. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें सचित्र छापून आली. त्याच रीतीनें कार्प्यू नामक शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनांत नाक केलें. म्हणजे ही विद्या येथूनच तिकडे गेली!

"काका," पुतणी शांतपणें म्हणाली, "तो वीटकरी आतां कोठें बसतो?"

सगळे हंसले, आणि आमची वकिली तेथेंच संपली. जुन्या अभिमानावर आजचें नाक सोपवितां येत नाहीं.

मग पदवी व वैद्यक परिषदेंतील नोंद पाहून आम्ही तिला शहरांतील एका प्लॅस्टिक सर्जनकडे नेलें. त्यांनीं परदेशाची निंदा केली नाहीं. उत्तम हात तिकडेहि आहेत, इकडेहि आहेत, आणि जाहिरातीवर जगणारे दोन्हींकडे आहेत, असें ते म्हणाले. नाकावरचा बाह्य आधार आठवड्याभरांत निघतो. परंतु शेंड्याची सूज पुरती उतरावयास वर्ष, कधीं अधिकहि लागतें. कांहींजणांस दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. "काम कांहीं तासांचें, देखभाल वर्षाची. त्या वर्षांत कांहीं बिघडलें, तर कोणाचें दार ठोठावाल?"

पत्रकांत याचें उत्तर नव्हतें. सोबत जाणाऱ्याचें भाडें नव्हतें, दुसऱ्या फेरीचा खर्चहि नव्हता. शिवाय पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखालीं येते, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिलेला आहे. परक्या देशीं, परक्या भाषेंत दाद मागणें आपल्यासारख्यांस कितपत जमणार?

शेवटीं डॉक्टरांनीं तिला विचारलें, "हें कोणासाठीं?"

"श्वासासाठीं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आणि घरांत मला कोणी पोपट म्हणूं नये म्हणून."

तें नांव आमचें होतें. पंधरा वर्षांपूर्वीं, नाकाची पट्टी निघाली त्या दिवशीं, आम्हींच तें कौतुकानें ठेविलें होतें. आम्हीं मान खालीं घातली.

"श्वास मी मोकळा करीन," डॉक्टर म्हणाले. "नांव काढण्याचें हत्यार मजजवळ नाहीं. महिनाभर विचार करून या."

त्या रात्रीं पानांवर सर्वांसमक्ष आम्हीं तें नांव मागें घेतलें. महिन्यानंतरहि तिचा निश्चय कायम होता; मात्र पत्रक तिनें आपणच फाडलें. पत्रकांतलें नाक नको, आपलेंच सरळ करून हवें, असें ती म्हणाली. वहिनींनीं पुन्हां लोकांचा विषय काढला, तेव्हां आई म्हणाल्या, "मीं कवळी बसविली, ती कोणापासून लपविली? मग पोरीचें नाक कां लपवावें?"

मार्गशीर्षांत शस्त्रक्रिया पुण्यांतच झाली. शेंड्यावर अजून किंचित् सूज आहे. मधून मधून ती स्कूटरवरून डॉक्टरांकडे जाते आणि तासाभरांत परत येते. दोन्ही नाकपुड्यांनीं श्वास चालतो.

वाचकहो, शस्त्रक्रिया येथें करावी कीं परदेशीं, याचा निर्णय पदवी, खर्च आणि पुढील देखभाल पाहून करतां येतो. परंतु आपण थट्टेनें दिलेलें एखादें नांव घरांतलें मूल किती वर्षें वागवीत असेल, तेंहि एकदां पाहावें. तें काढावयास ना इस्तंबूलला जावें लागत, ना पुण्याच्या डॉक्टरांकडे.