कर्ता कुठे गेला?

कन्नडला वसतिगृहातील मुलांना आम्ही सायंप्रार्थनेनंतर इंग्रजी व्याकरण शिकवीत होतो. फळ्यावर लिहिले, ‘राम ब्रोक द ग्लास.’ मग कर्म पुढे आणले, ‘ब्रोक’चे ‘वॉज ब्रोकन’ केले आणि कर्त्याला ‘बाय’ लावून शेवटी बसविले. म्हणालो, “हे ‘बाय राम’ गाळले तरी वाक्य शुद्धच राहते.”

मागून एकाने विचारले, “फादर, मग काच कोणी फोडली हे कसे कळायचे?”

मुले हसली. आम्हांला हसू आले नाही. त्याच सकाळी आम्ही नोंदवहीत लिहिले होते, ‘सदर विद्यार्थ्यास वसतिगृहातून कमी करण्यात आले.’ वाक्य शुद्ध होते. कर्ता गाळलेला होता. मुलाची बाजू न ऐकता, रागाच्या भरात त्याला काढणारे आम्हीच होतो.

मराठीत ‘मी चूक केली’ हा कर्मणी प्रयोगच. क्रियापद चुकीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, तरी ‘मी’ जागचा हलत नाही. ‘चूक झाली’ म्हटले की तो निसटतो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारातही ख्रिस्त क्रुसावर खिळला गेला, असे कर्मणीच आहे. पण हात धुऊन बाजूला झालेल्या पिलाताचे नाव तेथून गळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही त्या मुलाच्या गावी गेलो. एरवी ‘आम्ही’ म्हणणाऱ्या आम्हांला त्याच्या आईवडिलांसमोर ‘मी’ म्हणणे फार जड गेले. मुलाने निमूटपणे दप्तर उचलले आणि तो आमच्याबरोबर निघाला.