झोपलेला उंदीर ३० मीटर चालतो

गेले दोन शनिवार मी उंदीर बघतोय. म्हणजे उंदरांचे व्हिडिओ. मामेबहीण मेंदूविज्ञानात पीएचडी करतेय. एक औषध दिल्यावर उंदरांची भीती कमी होते का, हा तिचा विषय. प्रयोग दिसायला अगदी साधा: चौकोनी उघडी पेटी, वर कॅमेरा, आत एक उंदीर, १० मिनिटं. घाबरलेला उंदीर भिंतीकडेने फिरतो, धीट असला की मधे येतो. तो कुठे गेला, किती चालला हे सॉफ्टवेअर मोजतं.

"दादा, हा चक्क झोपलाय, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय ३० मीटर चालला!"

मग हिशेब मांडला. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधून रिकाम्या पेटीचं चित्र वजा करतं. उरलेला ठिपका म्हणजे उंदीर, आणि ठिपक्याचा मध्य म्हणजे त्याची जागा. ट्यूबलाइट लुकलुकली, श्वासाने पोट हललं, की मध्य जरासा सरकतो. समजा, दर फ्रेमला २ मिलिमीटर. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १० मिनिटांत १५,००० फ्रेम. करा गुणाकार! आणि ३० मीटर हा आकडा खरोखर फिरणाऱ्या उंदराचाही असू शकतो. नुसत्या एक्सेल शीटवर कुणाला शंकासुद्धा आली नसती.

यावर उपाय आहे. ठराविक अंतराहून कमी हललं तर मोजायचं नाही. शेजारच्या फ्रेमची सरासरी घ्यायची, पण बेताने, नाहीतर खरी वळणंही कापली जातात.

दुसरी भानगड उलटी. उजेड बदलला तरी चालावं म्हणून काही सॉफ्टवेअर पार्श्वभूमीचं चित्र सतत ताजं करत राहतात. उंदीर भीतीने गोठून बसला, की हळूहळू तोच पार्श्वभूमी होतो. गायब! म्हणजे जे मोजायचं नेमकं तेच हरवलं. तिथे रिकाम्या पेटीचं चित्र आधीच काढून ठेवावं आणि तेच वापरावं.

तिसरी, चकचकीत भिंती. उंदीर आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात ठिपका उड्या मारतो. इथे कोड नको, सँडपेपर घ्या. भिंती घासून खरखरीत करा, दिवा थेट पेटीवर न मारता छतावर मारा, काळ्या उंदराला पांढरी जमीन द्या. २०१८ साली आलेलं डीपलॅबकट नाक, कान, शेपटीचं मूळ वेगवेगळं ओळखायला शिकतं. पण अंधुक फ्रेममध्ये तेही भलतीकडे बोट दाखवतं. कमी खात्रीचे बिंदू वगळावेच लागतात.

असो. मला खटकलं ते वेगळंच. चूक सगळ्यांना सारखी लागली असती तर निभावलं असतं. पण धावणाऱ्या उंदराच्या मोठ्या पावलात २ मिलिमीटरची थरथर विरून जाते, बसलेल्याच्या खात्यात मात्र पूर्ण जमा होते. म्हणजे औषधाने सुस्ती येत असेल, तर सॉफ्टवेअर नेमकी ती सुस्तीच झाकणार! आपल्याकडे असा बग निघाला तर पॅच देऊन मोकळे होतो. इथे तोच बग "औषधाने सुस्ती येत नाही" असं वाक्य होऊन छापला जातो.

प्रयोगात प्राणी शक्य तितके कमी वापरावेत, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलंय. संख्येला प्राणी-नीती समितीची मंजुरीही लागते. व्हिडिओ बिघडला तर नवे उंदीर आणावे लागतात. या व्हिडिओंमधले उंदीर आता नाहीत, त्यांच्या मेंदूचे काप झालेत. मागे उरलंय ते एवढं चित्रण.

म्हणून आता प्रत्येक व्हिडिओतला एखादा मिनिट, कुठला उंदीर औषधाचा हे लपवून, सॉफ्टवेअरची रेघ वर चढवून आम्ही डोळ्यांनी तपासतोय. काम कंटाळवाणं आहे. अजून ३१ बाकी.