वाटाण्याएवढे शहाणपण

वार्षिकांकासाठी लेख मागावयास मुले आली की आजवर आम्ही 'वेळेचे महत्त्व' किंवा 'शिस्त आणि विद्यार्थी' असा एखादा भारदस्त विषय काढून देत आलो. असे लेख लिहिणे सोपे असते. कारण त्यांत लेखकाचे स्वतःचे काहीच उघडे पडत नाही. यंदा मात्र आम्ही आमच्या तोंडावर लिहावयाचे ठरविले आहे. तोंडाने बोलणे हा आमचा व्यवसायच. परंतु तोंडाविषयी बोलण्याचा प्रसंग आमच्यावर गेल्या कार्तिकात प्रथमच आला. तो का आला, हे विद्यार्थिमित्रांना आणि त्यांच्याहूनही त्यांच्या पालकांना सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पस्तिशीकडे झुकलेल्या माणसाच्या गालांवर मुरूम यावेत, हा निसर्गाचा एक विनोदच म्हणावयाचा. मुरूम रस्त्यावर शोभतो, मास्तराच्या तोंडावर नव्हे. त्यांना 'तारुण्यपीटिका' हे नाव ज्याने दिले, त्याने आमची जन्मपत्रिका खचित पाहिली नसावी. सुश्रुताने या पुटकुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. आमच्या सत्तरीच्या रानात कोवळी सावर ज्याने जवळून पाहिली असेल, त्याला ही उपमा किती चपखल आहे हे निराळे सांगावयास नको. त्या झाडाच्या बुंध्यावर जसे टोकदार टेंगूळ येतात, तसे ते आमच्या हनुवटीवर आले होते. आईने हळद, चंदन आणि जायफळ यांचे यथासांग उपचार केले. त्यांनी तोंडाला सुवास आला. टेंगूळ मात्र जागचे हलले नाहीत.

अखेरीस एका शनिवारी कदंबच्या बसने होंडा, साखळी, डिचोली असा प्रवास करीत आम्ही म्हापशास एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तोंड पाहिले, पूर्वी काय काय लावले ते विचारले, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, उन्हात किती वेळ जातो, हेही विचारून घेतले, आणि एका जेलची चिठ्ठी लिहून दिली. जेल म्हणजे पाण्यासारखे दिसणारे, पण खळीसारखे दाट असे मलम. त्यात दोन द्रव्ये होती. एक अ‍ॅडापलीन. हे जीवनसत्त्व 'अ' च्या गोतावळ्यातले. त्वचेची रंध्रे मृत पेशींनी बुजू नयेत याची ते काळजी घेते. दुसरे बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे रंध्रांत माजणाऱ्या जंतूंचा नाश करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रात्री तोंड धुवा, चांगले कोरडे होऊ द्या, आणि साऱ्या तोंडाला मिळून एका वाटाण्याएवढे लावा. आरंभी एक दिवसाआड. डोळे, ओठ, नाकाच्या कडा टाळा. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. उतावळेपणा करू नका."

घरी येऊन आम्ही डबीतले पत्रक उलगडले. मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत औषधाचे संभाव्य दुष्परिणाम दिलेले होते. त्वचा कोरडी पडणे, लाल होणे, खपल्या सुटणे, चुरचुरणे, आग होणे, ऊन अधिक बाधणे, पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटणे, अशी ती यादी होती. ती वाचून आम्ही प्रथम भ्यालो. मग, बहुतेक सुशिक्षित माणसे करतात तसे, ते पत्रक घडी घालून टेबलाच्या खणात ठेवले आणि विसरलो. कारण वार्षिक स्नेहसंमेलन अवघ्या तीन आठवड्यांवर आले होते आणि पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम आमच्याकडे होते. वाटाण्याएवढ्या औषधाने जे दोन महिन्यांत होईल, ते आवळ्याएवढ्या औषधाने दोन आठवड्यांत होईल, असे त्रैराशिक आम्ही मांडले. गणिताचे शिक्षक आम्ही नव्हतो, ही शाळेची सुदैवाची गोष्ट. आम्ही सकाळ-संध्याकाळ, भिंतीला चुना द्यावा तसे ते जेल तोंडाला देऊ लागलो.

पाचव्या दिवशी तोंड जळू लागले. सातव्या दिवशी ते लाल झाले, आठव्या दिवशी ओठांच्या कडेला आणि नाकाच्या बाजूला भाजलेल्या पापडासारखे पापुद्रे सुटू लागले. घरात निराळाच गोंधळ उडाला. आमच्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग उमटले, पंचाचा काठ विटला. आईने आधी नव्या साबणाला बोल लावला, मग पाण्याला, आणि शेवटी आमच्या तोंडाकडे निरखून पाहत ती म्हणाली, "तोंडाक कितें लायलां रे पुता?" कपड्यांचा रंग उडविणे हा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा अंगभूत गुण आहे, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. पत्रकात ते होते. पत्रक खणात होते.

आता आमची स्थिती अशी झाली की वर्गात शिरताना हातरुमाल नकळत गालाशी जाऊ लागला. फळ्याकडे वळून लिहिण्याचे प्रमाण वाढले. मागील बाकांवरून दबलेले हसू ऐकू आले. आणि अशाच एका तासाला, रुमालाआडून वर्गाकडे पाहत असता, शेवटच्या बाकावर दहावीतला एक मुलगा तसाच रुमाल गालाशी धरून बसलेला आम्हांस दिसला.

तो आम्हांस त्या दिवशी प्रथम दिसला असे नाही. श्रावणात याच मुलाला आम्ही भर वर्गात उभे केले होते. "तोंडावरचा हात काढ. तोंड लपविण्यासारखे काय केले आहेस?" असे आम्ही विचारले होते. वर्ग हसला होता. शिक्षकाला आपल्या वाक्यावर वर्ग हसला की बरे वाटते. आम्हांसही वाटले होते. त्यानंतर तो मुलगा आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस गैरहजर राहू लागला आणि आम्ही हजेरीपटावर त्याच्या नावापुढे निर्विकारपणे खूण करीत राहिलो. तोंड लपवावे असे वाटण्यासाठी माणसाने काहीच करावे लागत नाही, हे आम्हांस स्वतःचे तोंड सोलवटून निघेपर्यंत कळले नाही.

शाळा सुटल्यावर तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आमच्या तोंडाकडे एकवार पाहून हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमीय तेंच लायतात?"

'तें' म्हणजे काय, हे विचारल्यावर त्याने खिशातून एक चिमटून चपटी झालेली ट्यूब काढली. कोणा चुलतभावाने सांगितले म्हणून त्याने ती दुकानातून आणली होती. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. चार महिने तो ती लावीत होता. आरंभी आठवडाभरात तोंड उजळले, मुरूम बसले, आणि त्याला स्वर्ग दोन बोटे उरला. पुढे गाल पातळ कागदासारखे झाले, उन्हात गेले की पेटल्यासारखे होऊ लागले, आणि पहिल्यापेक्षा अधिक मुरूम आले. लावणे थांबवावे तर दोन दिवसांत तोंड असे भडकते की पुन्हा लावल्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही चष्मा पुसून ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचली. त्यात एक जोरकस स्टेरॉइड होते. सूज व लाली झटपट दाबणारे हे औषध काही त्वचारोगांवर उपयोगी असले, तरी चेहऱ्यावर मनमानीने लावल्यास तो चेहरा त्याच्या आहारी जातो. हा प्रकार देशभर इतका वाढला की २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास प्रतिबंध केला. नियम कागदावर आला. चुलतभाऊ मात्र घरोघरी आहेत.

येथे आमच्या हातून आणखी एक चूक घडता घडता राहिली. आमचे जेल आमच्या पिशवीतच होते. 'हे डॉक्टरांनी दिलेले आहे, हेच त्याला द्यावे' असे मनात येऊन आमचा हात पिशवीत गेलाही. परंतु डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिण्याआधी आम्हांस विचारलेले ते सारे प्रश्न एकाएकी आठवले. ते प्रश्न या मुलाला कोणी विचारले होते? हात रिकामाच बाहेर आला. आपणही एक चुलतभाऊच होण्याच्या बेतात होतो, हे ध्यानात आले.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई अंगणात होती. "पुळयांक दोतोर कित्याक?" हा त्या माउलीचा पहिला प्रश्न होता, आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, आमच्याही घरी तोच प्रश्न होता. आम्ही तिला ट्यूब दाखविली आणि मग, जे सांगावयास गेलो होतो तेच सर्वांत अवघड असल्यामुळे, सर्वांत शेवटी सांगितले. श्रावणात भर वर्गात आम्ही तिच्या मुलाला काय बोललो, ते आम्ही त्याच्यादेखत सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. मुलगा खाली पाहत राहिला. आईने आत जाऊन चहा ठेवला.

पुढे वाळपईच्या आरोग्य केंद्रातून त्याला बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पाठविण्यात आले. जी संस्था १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा म्हणून उभी राहिली, तिच्याच परंपरेतले हे रुग्णालय. आपल्या गोमंतकातील गोरगरिबांचा हा आधार. तेथे त्याचे ते मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटले. सुटताना तोंड काही आठवडे अधिकच बिघडले, परंतु असे होईल हे त्याला आधी सांगितलेले होते. म्हणून तो घाबरला नाही. आमच्या पिशवीतल्या जेलविषयी आम्ही मुद्दाम विचारले, तेव्हा तेथील डॉक्टर म्हणाले की त्या पातळ झालेल्या कातडीवर ते लावले असते तर जखमेवर मीठ चोळल्यासारखे झाले असते.

आम्ही स्वतः म्हापशास परत गेलो ते भांडावयास. औषध वाईट निघाले, असे आमचे म्हणणे होते. डॉक्टरीणबाईंनी सारे शांतपणे ऐकून एकच विचारले, "वाटाणा केवढा घेत होता?" आम्ही आवळ्याचे त्रैराशिक कबूल केले. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. आठवडाभर औषध बंद, साधे सौम्य साबण, त्वचा मऊ ठेवणारे मलम, सकाळी ऊन अडविणारे मलम व टोपी, आणि मग तिसऱ्या दिवशी एकदा वाटाणा, असा क्रम त्यांनी घालून दिला. थोडी आग, थोडी लाली व थोडे पापुद्रे हे आरंभीच्या आठवड्यांत अपेक्षितच असते व सावकाश ओसरते. परंतु अंगावर गांधी उठल्या, डोळे-ओठ सुजले, किंवा श्वास कोंडू लागला, तर ते क्वचित घडणारे पण गंभीर लक्षण समजून औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावयाचे. गरोदर स्त्रियांनी असे जेल लावू नये, म्हणून ते घरात कोणी कोणाला उसने देऊ नये, हेही त्यांनी बजाविले. हे सर्व पत्रकात होते की नाही, हे पाहावयास आम्ही घरी येऊन खण उघडला. होते.

स्नेहसंमेलनात पाहुण्यांचा परिचय आम्ही सोललेल्या तोंडानेच करून दिला. आकाश कोसळले नाही. पाहुण्यांनी आमच्याकडे नव्हे, आपल्या नावाचा उच्चार नीट होतो की नाही इकडेच लक्ष दिले.

आता फाल्गुन आहे. डोंगरावर काजूचे बोंडू पिकले आहेत, वाऱ्यावर त्यांचा आंबटगोड वास गावभर येतो. तो मुलगा सुटीच्या दिवशी घरच्यांबरोबर बोंडू गोळा करावयास जातो. डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि गालांवर ऊन अडविणारे मलम असते. त्याचे तोंड पूर्ण बरे झालेले नाही, आमचेही नाही. पण त्याचा रुमाल आता खिशात असतो, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गेल्या दोन महिन्यांत एकही खूण नाही.

परवा तो आमच्यासाठी भाजलेल्या काजूबियांची पुडी घेऊन आला. लहानपणी अंगणात बिया भाजताना टरफलातले तेल उडून आमच्या मनगटावर भाजल्याची खूण अजून आहे. त्या तेलाच्या भीतीने सत्तरीत कोणी काजू खाणे सोडले नाही. आणि त्याची भीती न बाळगता कोणी उघड्या हाताने बीही फोडली नाही. आमच्या आजीने लांब काठीने बिया परतावयास शिकविले, आणि आम्ही शिकलो. औषधाचे तरी निराळे काय आहे?

विद्यार्थिमित्रहो, तोंडावर काही आले तर लपवू नका. आईला सांगा, शिक्षकांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. औषध आपल्या नावाचे असेल तेवढेच घ्या, पत्रक खणात ठेवण्याआधी वाचा, आणि सांगितला असेल वाटाणा तर आवळा घेऊ नका. आणि शेजारच्या बाकावरील मुलाने गालाशी हात धरला असेल, तर त्याला हसू नका. हा शेवटचा उपदेश आम्ही प्रथम स्वतःस केलेला आहे. असो.